घरोघरी काय शिजतं

बाळंतपणाच्या वॉर्डातली नोकरी रुकय्याने सोडली तेव्हा तिला कुणी कारण विचारलं नाही. तिच्या पायांकडे पाहिलं की कळायचं. पिंडऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. संध्याकाळी घरी आली की ती आधी भिंतीला पाय टेकवून जमिनीवर उताणी पडायची, अंगावरचा काळा अबाया मग सावकाश निघायचा.

ती बाणकोटची. वडील मचव्यातून कौलं वाहायचे. मुंबईला मावशीकडे राहून तिने दाईचं शिक्षण घेतलं, नझीर खतीबशी लग्न झालं आणि १९५३ साली ती बोटीने कुवेतला आली. नझीर आधीपासून तिथे होता, तांदूळ आणि मसाले मागवणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून. शहरात नवी इस्पितळं उघडत होती, बायकांच्या वॉर्डात बायकाच हव्या होत्या, त्यामुळे रुकय्याला आल्या आल्या काम मिळालं. अरबी ती कळा देणाऱ्या बायकांकडून शिकली, म्हणून तिच्या अरबीत शिव्या आणि दुवा दोन्ही भरपूर. इंग्रजी डॉक्टरांकडून. पुढे मुलगी झाली. दोघं नवराबायको कामावर जात, मुलीकडे पाहायला घरात कुणी नव्हतं. शेवटी असमा शाळेच्या वयाची झाल्यावर तिला बाणकोटला रुकय्याच्या बहिणीकडे, झुलेखाकडे ठेवली. दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळायची. दर सुट्टीत मुलगी हातभर वाढलेली असायची, आणि पहिले आठ दिवस मावशीच्या मागे लपायची.

१९६५ च्या उन्हाळ्यात नोकरी सोडली तेव्हा रुकय्याच्या मनात एवढंच होतं, की थंडी संपेपर्यंत इथे पडून राहायचं आणि मग मुलीकडे जायचं.

त्यांचं घर दस्मानच्या बाजूला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या, मध्ये अंगण, गच्चीवर टँकरच्या पाण्याची टाकी. सरकार जुनी घरं विकत घेऊन पाडत होतं. गल्लीतली निम्मी कुटुंबं बाहेरच्या नव्या वस्त्यांत सिमेंटच्या घरांत गेली होती, आणि त्यांच्या रिकाम्या अंगणांत मांजरं फिरायची.

ऑक्टोबरात एका दुपारी नझीर जेवायला आला तो काहीतरी मनात घेऊनच आला. त्याच्या बोलण्याआधी ते रुकय्याला कळायचं. तो भात कालवत राहायचा आणि खायचा नाही.

"अशरफ भेटला होता," तो म्हणाला. अशरफ रत्नागिरीचा, एका सरकारी प्रशिक्षण केंद्रात टायपिस्ट. "त्यांच्याकडे घानाहून माणसं येणारेत. आफ्रिकेतून. शेतीचं शिकायला."

"इथे?" रुकय्याने दाराबाहेर बोट दाखवलं. बाहेर धुळीने पांढरी झालेली गल्ली होती. "शेतीचं?"

"पिकवायचं नाही गं. धान्याचा भाव कसा बांधायचा, बाहेरून किती मागवायचं, गोदामात किती ठेवायचं, लोक खातात किती ते कसं मोजायचं. सरकारने ठरवायच्या गोष्टी. दोन्ही सरकारांनी मिळून काढलंय. खर्च इथला, माणसं तिथली."

"मग?"

"पाच बाप्ये आहेत, त्यांना हॉस्टेल आहे. सहावी बाई आहे."

रुकय्याने डोळे मिटले. पुढचं तिला न सांगता कळलं.

"घरात दुसरी खोली आहे," नझीर म्हणाला. "आणि तिला बायकांच्या घरांत घेऊन जाणारी, अरबी-इंग्रजी येणारी बाई पाहिजे. तुझ्याशिवाय कोण आहे?"

"असमाचे बाबा, मी थकलेय."

"बसून बोलायचं काम आहे," तो म्हणाला.

त्या वर्षी ती सगळ्यात जास्त चालली.

*

पाहुणीचं नाव एफुआ अन्साह. वय तिशीच्या आत, उंच, केस अगदी बारीक कापलेले. घानाच्या किनाऱ्यावरच्या केप कोस्ट गावची, आणि त्यांच्या सरकारच्या आकडेवारीच्या खात्यात नोकरीला. आली तेव्हा ऊन अजून भाजत होतं, पण महिन्याभरात थंडी सुरू झाली, आणि अशी थंडी तिने कधी पाहिलेली नव्हती. नझीरचा जुना कोट घालून ती अंगणात शेगडीजवळ बसायची आणि दात आवळून अभ्यास करायची.

पहिले काही दिवस रुकय्याला ती नकोशी झाली होती. पाणी जास्त लागायचं. स्वयंपाक दोनदा करावा लागायचा, कारण एफुआ सकाळी फक्त चहा-रोटीवर निघत नसे. मुख्य म्हणजे घरात सतत कुणीतरी आहे ही जाणीव. रुकय्याला आता दुपारी पाय वर करून पडता येईना.

मग एकदा तिने सांदणांसाठी तांदळाचं पीठ भिजवून आंबायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पातेल्यावरचं झाकण काढलं तर एफुआ खोलीतून उठून आली आणि पातेल्यावर वाकली. बराच वेळ वास घेत राहिली.

"आमच्याकडे मक्याचं पीठ असंच आंबवतात," ती म्हणाली. "मग गोळे करून पानात बांधून उकडतात. माझी आई विकायची. शाळेत माझ्या कपड्यांना हाच वास यायचा, मुली नाक धरायच्या."

"आणि तू?"

"मी पण नाक धरायची."

रुकय्या हसली. तिने त्या दिवशी सांदणं जास्त केली. ओला नारळ मिळाला नव्हता, सुक्या खोबऱ्यावर भागवलं. एफुआने ती मासळीच्या कालवणात बुडवून खाल्ली. नझीरला ते पाहवलं नाही, सांदण गोड असतं.

त्यांच्यात बोलणं व्हायचं ते इंग्रजीतून. रुकय्याची इंग्रजी इस्पितळातली, तुटक आणि हुकमी. एफुआची शाळेतली, सावकाश. एफुआ तिला 'सिस्टर' म्हणायची, कारण नझीरने पहिल्या दिवशी ओळख करून देताना तिच्या इस्पितळातल्या नोकरीचं सांगितलं होतं.

"एक सांग," रुकय्याने एकदा विचारलं. "तुमच्याकडे पाऊस आहे, जमीन आहे. इथे मेथीची जुडीसुद्धा बाहेरून येते. इथे येऊन तुम्ही काय शिकणार?"

एफुआ म्हणाली, "आमच्याकडे शेतात कोको होतो आणि शहरात लोक बाहेरचा तांदूळ खातात. कोकोचा भाव पडला की तांदूळ आणायला पैसा नसतो. दुकानं रिकामी पडलीयत. अक्रामध्ये दुधाच्या डब्यासाठी रांगा लागतात. शहरातला माणूस काय खातो, का खातो, ते आमच्या खात्यात कुणालाच नीट माहीत नाही. भाताला मदत द्यायची की मक्याला, हे नुसतं अंदाजाने ठरतं. इथे सगळं विकतच घेतात, त्यामुळे मोजणं सोपं. इथे पद्धत शिकायची, आणि परत जाऊन आमच्या शहरांत वापरायची."

"आणि ते पाच जण?"

"ते गोदामं आणि बाजार मोजतात. माझ्याकडे घरं आलीत."

*

केंद्रातले शिकवणारे उस्ताद हिल्मी कैरोचे होते. जाड चष्मा, मऊ आवाज, स्वतःच्या विषयावर मनापासून प्रेम. त्यांनीच प्रश्न तयार केले होते. बायकांना कळावेत म्हणून पुस्तकी अरबी टाळून घरगुती बोलीत. रुकय्याने ते वाचायचे, उत्तर ऐकायचं, एफुआला इंग्रजीत सांगायचं, एफुआने लिहून घ्यायचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोघी निघाल्या.

पहिलं मोठं घर उम्म फहदचं. गल्लीच्या टोकाला राहणारी वयस्क, सधन बाई. तिच्या सुनांची बाळंतपणं रुकय्याच्या हातची. कुवेतच्या रीतीप्रमाणे ती रुकय्याला मुलीच्या नावामागे 'उम्म', म्हणजे आई, लावून हाक मारायची.

"ये, उम्म असमा." तिने गादीवर जागा करून दिली. मग एफुआकडे पाहिलं. "आणि ही कुणाच्या घरातली?"

रुकय्याला प्रश्नाचा अर्थ बरोबर कळला. काळ्या बायका त्या शहरात होत्या, पिढ्यानपिढ्या होत्या, आणि त्यांच्या आज्या कुणा ना कुणाच्या घरात विकत आणलेल्या होत्या. उम्म फहद काही वाईट हेतूने बोलली नव्हती. तिला खरोखरच घराचं नाव हवं होतं.

"काय म्हणतायत?" एफुआने विचारलं.

"तू कुठली, असं."

"घाना," एफुआ हसून म्हणाली.

"हे कुठलं घराणं?" उम्म फहदने रुकय्याला विचारलं. सुना खुदकन हसल्या.

एफुआचं हसू गेलं. पुढचे प्रश्न तिने खाली मान घालून लिहून घेतले. तांदूळ किती, मासे किती वेळा, मटण, साखर, दुधाचे डबे. बाहेर पडल्यावर गल्लीच्या वळणावर ती थांबली.

"त्या नक्की काय म्हणाल्या?"

"जाऊ दे ना."

"सिस्टर, त्या खूप बोलल्या आणि तुम्ही मला दोन शब्द दिलेत. तांदळाच्या वेळीही तसंच झालं. त्या काहीतरी लांबलचक सांगत होत्या."

"कुठल्या भावाचं लग्न आणि कोण रुसलं, ते सांगत होत्या. ते काय करायचंय तुला?"

"मला ठरवू द्या काय करायचंय ते."

रुकय्याचे पाय ठणकत होते. ती एका पाडलेल्या घराच्या उंबऱ्यावर बसली. "हे बघ. बारा वर्षं मी हेच केलं. डॉक्टर म्हणायचा, मूल मेलंय. मी बाईला सांगायची, सबर कर, अल्ला आहे. बाई डॉक्टरला शिव्या द्यायची, मी डॉक्टरला सांगायची, तिला दुखतंय. जेवढं पेलतं तेवढंच पलीकडे न्यायचं असतं."

एफुआ तिच्या शेजारी बसली. "तिथे ते बरोबर असेल. पण मी घरी जाऊन सांगणार आहे की लोक असं असं खातात. त्यात तुमची दया मिसळली तर ते खोटं होईल. मला जे म्हणाल्या ते सांगा. मला पेलेल."

मग रुकय्याने सांगितलं.

"माझ्या गावात समुद्रावर एक किल्ला आहे," एफुआ म्हणाली. "तिथूनही माणसं नेली होती. दुसऱ्या दिशेला." आणि उठून अबायाची धूळ झटकली. तीही आता बाहेर पडताना रुकय्याचा जुना अबाया घालायची. "चला. पुढचं घर कुठलं?"

त्या दिवसापासून रुकय्या शब्द न शब्द सांगू लागली. ते जास्त दमवणारं होतं. वॉर्डात ती निम्मं आपल्यापाशी ठेवायची. आता सगळंच तिच्यातून आरपार जायचं, आणि संध्याकाळी स्वतःसाठी बोलायला तोंडात शब्द उरायचा नाही. नझीर पेढीवरच्या गोष्टी सांगायचा आणि ती नुसती मान हलवायची.

*

डिसेंबरात एक मोठी गडबड उघडकीला आली.

उस्ताद हिल्मींच्या प्रश्नांत एक प्रश्न रोटीचा होता. त्यांनी तो 'ऐश' असा घातला होता, कारण कैरोत ऐश म्हणजे रोटी. कुवेतमध्ये ऐश म्हणजे भात. तो शब्द रुकय्या बारा वर्षं रोज ऐकत होती, स्वतः वापरत होती. पण कागदावरचा प्रश्न तिने कागदावरचा म्हणूनच वाचला. घरामागून घर. बायका सांगायच्या, दोन्ही वेळा ऐश, ऐशशिवाय चालत नाही. रुकय्या 'दोन्ही वेळा' एवढंच पुढे सांगायची, आणि एफुआ आपल्या इंग्रजी कागदावर त्याच प्रश्नासमोर, रोटीच्या रकान्यात, लिहायची. मग तांदळाचा प्रश्न आला की बायका वैतागून म्हणायच्या, सांगितलं की आत्ताच. रुकय्या तेही तसंच एफुआला सांगायची, आणि दोघींनाही वाटायचं, कंटाळल्या असतील.

उलगडा केला तो उम्म फहदच्या धाकट्या सुनेने. दोघी राहिलेल्या प्रश्नांसाठी पुन्हा तिथे गेल्या तेव्हा तिने विचारलं, "ऐश आणि तांदूळ वेगवेगळे कधी झाले, उम्म असमा?"

रुकय्याने कपाळाला हात लावला.

दोघी केंद्रात गेल्या. उस्ताद हिल्मींनी ऐकलं, चष्मा काढला, आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसणं ओसरल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "मी लिहिलं," ते म्हणाले. "तीन वर्षं इथे राहतोय, आणि अजून आईच्या घरची भाषा लिहितो."

"मी वाचलं," रुकय्या म्हणाली.

"आणि मला कळायला हवं होतं की एवढी रोटी कुणी खात नाही," एफुआ म्हणाली. "आता?"

आता काय, सगळी घरं पुन्हा. पण रमजान तोंडावर आला होता. उपवासाच्या महिन्यात 'तुम्ही काय खाता' म्हणून दार वाजवण्यात अर्थ नव्हता. काम थांबलं. त्या महिन्यात एफुआ शिस्तीत दिवसा घरात काही खात नसे, रुकय्याने कितीदा सांगूनही. ती चर्चला जाणारी होती, तिला रोजे नव्हते. "तुमच्या समोर बसून मी कशी खाऊ?" म्हणायची आणि इफ्तारच्या वेळी नझीरच्या आधी खजुरावर हात टाकायची.

ईदनंतर दोघी पुन्हा तीच दारं वाजवू लागल्या. काही बायकांनी दार उघडून परत लावून घेतलं. काही घरं तोवर पाडली गेली होती आणि माणसं कुठे गेली ते कुणालाच नीट सांगता येईना. दोघी बस पकडून नव्या वस्त्यांत जायच्या, पत्ता शोधत उन्हावाऱ्यात फिरायच्या, आणि सापडलेल्या घरात नवी फरशी, नवा फ्रीज आणि कंटाळलेली बाई भेटायची. शेजारीण नाही, समुद्र नाही, मासे दुसऱ्या दिवशीचे मिळतात, अशी तक्रार. एफुआ ती तक्रारही लिहून घ्यायची. तिला रकाना नव्हता, म्हणून समासात.

त्याच दिवसांत एफुआने एक प्रश्न स्वतःहून वाढवला: घरात आधी कोण जेवतं आणि शेवटी कोण? उस्ताद हिल्मींनी तो पाहिला आणि म्हणाले, विचारून पाहा. त्यांना शंका होती, आणि ती खरी ठरली. प्रत्येक बाईचं उत्तर एकच: सगळे एकत्र जेवतो. एका पाणक्याच्या बायकोनेही तेच सांगितलं, आणि ते सांगताना ती पुरुषांनी उष्टं टाकलेल्या ताटातला भात मुलांसाठी सारखा करत होती.

हिंदुस्थानी कुटुंबांचाही नमुना हवा होता. तेव्हा एका सकाळी एफुआ अंगणात समोर बसली आणि म्हणाली, "आज तुमचं घर."

रुकय्याने सगळी उत्तरं दिली. तांदूळ, मासे, खोबरं, तेल. मग तो प्रश्न आला.

"सगळे एकत्र," रुकय्या म्हणाली.

एफुआ चार महिने त्या घरात राहत होती. रोज दुपारी ती आणि नझीर जेवायची, रुकय्या वाढायची, आणि ते दोघं उठल्यावर ती भांड्याजवळ बसून खायची. एफुआने वर पाहिलं. रुकय्याही तिच्याकडे पाहत होती. आपण काय बोललो ते तिलाच उशिरा ऐकू आलं असावं.

"हेच लिहू?" एफुआने विचारलं.

"विचारलंस, मी सांगितलं," रुकय्या म्हणाली. "लिही."

एफुआने लिहिलं. त्या दुपारी तिने रुकय्याचं ताट स्वतः वाढून नझीरच्या शेजारी ठेवलं. रुकय्या बसली, दोन घास खाल्ले आणि कालवण गरम करायचं म्हणून उठून गेली. तिला तसं बसून जेवताच येईना. एफुआने तो उद्योग पुन्हा केला नाही.

*

फेब्रुवारीच्या शेवटी एका गुरुवारी नझीरने रेडिओ लावला आणि हाक मारली. घानात लष्कराने सरकार उलथवलं होतं. राष्ट्राध्यक्ष परदेशात होते. अरबी बातम्या रुकय्याने भराभर इंग्रजीत सांगितल्या, आता तिला सवयच झाली होती. एफुआ कोट घालून उभी होती, बाहेर निघायच्या तयारीत.

"माझा भाऊ," ती म्हणाली.

तिचा थोरला भाऊ सरकारी शेतमळ्यांच्या महामंडळात अधिकारी होता. जुन्या सरकारच्या मर्जीतला. त्याचं काय झालं हे सांगणारं इथे कुणी नव्हतं.

हॉस्टेलमधल्या पाच जणांत दोघांनी आनंदाने गाणं म्हटलं, दोघांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, आणि पाचवा आजारी असल्याचं सांगून खोलीतून बाहेर येईना. केंद्राला तिकडून निरोप आला की नवं सरकार जुन्या सगळ्या करारांचा फेरविचार करणार आहे, तोवर थांबा. विद्यावेतन थांबलं. उस्ताद हिल्मी अशरफबरोबर स्वतः घरी आले, अंगणात अवघडून बसले.

"खात्यात विचारणा केलीय," ते एफुआला म्हणाले. "तिकिटांचं तुमच्या सरकारने पाहायचं, असं ठरलेलं होतं. पण तुमचं सरकार कोण, हेच त्यांना अजून कळत नाहीय."

"आणि अभ्यास?" एफुआने विचारलं.

उस्तादांनी हात पसरले. "अभ्यास कुणासाठी करायचा, तेही."

ते गेल्यावर अशरफ नझीरला बाजूला घेऊन म्हणाला की पाहुणीचा खर्च आता केंद्र देणार नाही. हवं तर तिला हॉस्टेलच्या एका कोपऱ्यात पडदा लावून जागा करू. रुकय्याने ते आतून ऐकलं. ती दारात आली.

"ती कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. आणि मग, कुणी विरोध केलेला नसतानाही, "मला आता दुसरी खोली रिकामी करायला जीव नाही."

पुढचे आठवडे फार संथ गेले. एफुआ रोज केंद्रात जाऊन काही निरोप आहे का विचारायची, आणि नाही ऐकून परत यायची. रडताना ती रुकय्याला कधी दिसली नाही. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तिने आकड्यांची बेरीज सुरू केली. रुकय्या शेजारी मासे साफ करायची.

"कुणी मागितलंय का आता हे?" रुकय्याने एकदा विचारलं.

"नाही."

"मग?"

"नुसती बसले तर भावाचा विचार येतो," एफुआ म्हणाली. "बेरीज करताना येत नाही."

ते रुकय्याला पटलं. तिनेही असमाला ताप आल्याचं ऐकून असेच वॉर्डातले पाळणे पुसले होते.

एप्रिलात घरमालकाने सांगितलं की घर सरकारला दिलंय, उन्हाळ्याआत सोडा. त्याच सुमारास नझीरच्या मालकाने पेढी आवरती घेतली. नझीरला अहमदीच्या तेलनगरीत एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपरची जागा मिळाली. राहायला सहा जणांत एक खोली, फक्त पुरुषांची. संकटं एकामागून एक आली तेव्हा रुकय्याला भीती वाटण्याऐवजी झोपच जास्त येऊ लागली. दुपारी ती बसल्या जागी पेंगायची आणि एफुआ तिच्या हातातली विळी हळूच काढून घ्यायची.

मे महिन्यात तिकीट आलं. सोबत हुकूम होता: ताबडतोब खात्यात हजर व्हा. भाऊ तुरुंगात होता, जिवंत होता. एवढं हॉस्टेलमधल्या एकाला त्याच्या नातेवाइकाकडून कळलं होतं.

एफुआने अहवालाची एक प्रत केंद्राला दिली. उस्ताद हिल्मींनी ती दोन्ही हातांनी घेतली, उभ्याउभ्याच बरीचशी वाचली आणि काम चांगलं झालंय म्हणाले. मग ती कपाटात गेली. ते स्वतः त्याच उन्हाळ्यात कैरोला परतले.

विमानतळावर नझीर सामान घेऊन पुढे गेला. गरम वारा सुटला होता, डोळ्यांत रेती जात होती.

"तिथे काय होईल मला माहीत नाही," एफुआ म्हणाली. "कदाचित हे सगळं कुणाला नकोच असेल."

रुकय्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. दुसऱ्यांची बोलणी इतके महिने वाहिल्यावर स्वतःचं असं तिला एकही वाक्य सापडेना, ना इंग्रजीत ना मराठीत. तिने एफुआच्या कोटाचं वरचं बटण लावलं. एवढ्या उकाड्यात तो कोट एफुआने हातावर न घेता अंगात घातला होता, कारण पेटीत जागा नव्हती.

"पोचल्यावर आधी जेव," ती म्हणाली. "मग ऑफिसात जा."

*

रुकय्या त्या वर्षी घरी गेली नाही. नझीरच्या एकट्याच्या पगारात दोन संसार चालेनात. तिने शहरातल्या एका मैत्रिणीकडे, चिपळूणच्या सफियाकडे, एक खोली घेतली आणि खासगी बाळंतपणं करू लागली. नझीर दर शुक्रवारी अहमदीहून यायचा.

१९६७ च्या हिवाळ्यात केंद्राने पश्चिम आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका देशाशी नवा करार केला. नवे साहेब, नवे प्रश्न, नवी माणसं. अशरफ पुन्हा दारात आला.

"घरी ठेवणार नाही," रुकय्याने सांगितलं. "फक्त घरं फिरवीन. आणि प्रश्न आधी मला दाखवायचे."

दोन हिवाळे तिने ते काम केलं. तिच्याबरोबर फिरणाऱ्या त्या देशातल्या बायका चांगल्या होत्या; एक तर फार हसरी होती. रुकय्या त्यांना उत्तरं नीट पोचवायची, पाणी प्यायला आठवण करायची आणि घरी येऊन त्यांची नावं विसरायची. दुसऱ्या हिवाळ्यात त्या तुकडीतल्या पुरुषांपैकी एक जण घानातून शिकून आलेला निघाला. रुकय्याने सहज विचारावं तसं विचारलं. तो एफुआ अन्साहला ओळखत होता. तिला उत्तरेला टामालेला बदलून टाकलंय, म्हणाला. राजधानीपासून फार लांब, जवळजवळ शिक्षाच. ऑफिसला गाडी आहे पण पेट्रोल नसतं. बाजारात मक्याचे भाव लिहून घेते, आणि दर आठवड्याला राजधानीला पाठवते.

"कुणी वाचतं का ते?" रुकय्याने विचारलं.

"ते मला नाही माहीत," तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून पुढे म्हणाला, "भाऊ सुटलाय तिचा."

रुकय्याने मान हलवली आणि त्याच्याबरोबरच्या बाईला चला म्हणाली. पुढच्या घरी दुपारच्या आत पोचायचं होतं.

१९६९ साली ती कायमची बाणकोटला परतली. नझीर आणखी काही वर्षं राहणार होता. असमा चौदाची झाली होती, मावशीला 'मा' म्हणायची. मुलगी आता लपत नव्हती, इतकंच. तिने आईची पेटी उघडायला मदत केली, अत्तराची बाटली हुंगून पाहिली, आणि मैत्रिणींना दाखवायला घेऊन गेली.

कुवेतहून शिकलेली दाई आली ही बातमी खाडीच्या दोन्ही काठांना पसरली. आठवडाही झाला नव्हता, तर भर दुपारी पलीकडच्या काठावरून होडीने एक माणूस आला. त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. झुलेखाने ओसरीवरच त्याला अडवलं. "ती झोपलीय," ती म्हणाली.

रुकय्या झोपली नव्हती. आत चटईवर पडून ती सगळं ऐकत होती. माणूस अजिजीने बोलत होता. पहिलटकरीण आहे, म्हणत होता. किती वेळ झाला, पाणी गेलंय का, हे प्रश्न रुकय्याच्या ओठांवर आपोआप आले, अरबीत. ती उठून बसली. मग तिने ओढणी तोंडावर घेतली आणि पुन्हा आडवी झाली.

माणूस गेला. गावातली जुनी दाई त्याच्याबरोबर गेली. संध्याकाळी होडी परत आली तेव्हा निरोप मिळाला, मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत. झुलेखाने तो निरोप आत येऊन सांगितला. रुकय्याने "बरं झालं" म्हटलं, आणि बहिणीने पुढे केलेला पेजेचा वाडगा हातात घेतला.